सोवळं कुठं वाळत होतं

भाच्याची मुलगी परवा शाळेचं पुस्तक घेऊन माझ्या पलंगाशी येऊन बसली. म्हणे, "आजी, सुनो ना, पावसातनं तेजाब पडतो, ॲसिड. एखाद्या देशावर जेवढा पडतो त्यातला थोडा त्यांच्याच कारखान्यांचा असतो, आणि थोडा वाऱ्याबरोबर बाहेरच्या देशातनं येतो. आता आपला किती आणि परक्यांचा किती, हे लिहायचंय." मी म्हटलं, "लिही, सगळा परक्यांचा." ती खिदळायला लागली. म्हणे, असं थोडीच असतं, मोजावं लागतं! डोंबल मोजतात. आमच्या गल्लीतल्या सहा शहाण्या माणसांनी बैठकीत बसून, चहा यायच्या आत, अर्ध्या तासात ते ठरवलं होतं. साक्षीदार मी होते.

हे काही मी तिला सांगितलं नाही. ती अजून लहान आहे आणि मला मान देते. इथं मात्र सांगते. आणि माफी-बिफी मागण्यासाठी सांगतेय असं कुणी समजू नये. ज्यांची मागायची ते कुठं आहेत, आहेत की नाहीत, तेही मला माहीत नाही, आणि समोर आले तर मागेन याची मला खात्री नाही.

आमचं घर संस्थानच्या राजधानीत, लष्कर नावाच्या भागात, सराफ्याच्या मागच्या गल्लीत होतं. दुमजली आणि अरुंद. खाली गल्लीकडे एक खोली आणि तिच्यामागे वीतभर अंगण, वर आम्ही तिघं. वडील संस्थानच्या दफ्तरात होते. आजोबांना दरबारात बसायचा मान होता, हे वाक्य आमच्याकडे 'मीठ वाढ' म्हणावं इतक्या सहज बोललं जायचं. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, राजधानी थंडीत इथं आणि उन्हाळ्यात इंदूरला. वडिलांचं खातं दुसऱ्या एका खात्यात मिसळलं आणि त्यांच्या डोक्यावर इंदूरचा एक साहेब येऊन बसला, वयानं दहा वर्षं लहान. वडिलांनी काही वर्षं दातओठ खाऊन काढली. एक दिवस राजीनामा त्याच्या टेबलावर आपटून घरी आले. आईनं विचारलं, "आता?" तर म्हणाले, "आता काय? आपण काय भीक मागतोय?" त्यानंतर महिन्याभरात खालची खोली भाड्यानं दिली.

भाडेकरू फाळणीनंतर लाहोरकडून आलेला होता. गल्लीत त्याला सगळे शरणार्थीच म्हणायचे, त्याला नाव असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. कामानं तो न्यारिया. म्हणजे सोनारांच्या दुकानातली झाडलोट, राख, जुनी जरतार असलं काय काय गोळा करायचं आणि तेजाबात घालून त्यातलं सोनं वेगळं, चांदी वेगळी करायची. उंचापुरा माणूस, बोलायला मऊ. त्याची बोटं पिवळी होती. तेजाब लागला की कातडी पिवळी पडते, आणि घासून घासून मेलं तरी तो रंग जात नाही. मागच्या अंगणात त्यानं भट्टी लावली आणि धुरासाठी टिनाचा पाइप थेट आमच्या गच्चीच्या वर काढला, स्वतःच्या खर्चानं. उजाडायच्या सुमाराला काम सुरू करायचा आणि आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालायच्या आत उरकायचा. इतका शहाणा शेजारी मला नंतर जन्मात मिळाला नाही.

त्याची बायको ठेंगणी होती, बोलायची फार कमी. कधी विरजण मागायला जिन्यात येऊन उभी राहायची. आई वरूनच तिच्या वाटीत दही सोडायची, वाटीला हात न लावता. इकडे येताना तिची दोन मुलं वाटेत गेली होती. कशी गेली ते आम्ही विचारलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि तो माणूस येता-जाता सगळ्यांना सांगायचा, "इस बार छत के नीचे होगा जी, अपनी छत के नीचे." आमच्या छताला तो आपलं म्हणायचा, याचा आईला राग यायचा.

वडील मात्र संध्याकाळी त्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसायला लागले. आम्हाला नवलच वाटलं. ज्या माणसानं गल्लीत कुणाच्या ओट्याला पाठ टेकली नाही तो शरणार्थ्याच्या स्टुलावर! भांड्यात तेजाब किती घालायचा, आच किती ठेवायची, चांदी विरघळली की ती तांब्याच्या पट्ट्यांवर परत कशी बसवायची, सगळं विचारायचे. तो बिचारा कौतुकानं सांगायचा. इतका मोठा माणूस आपलं काम विचारतोय, याचाच त्याला आनंद. एकदा मी वडिलांना जेवायला बोलवायला गेले तेव्हा तो सांगत होता, "पंडितजी, यह जो लाल धुआँ उठता है ना, यह बदमाश है. आदमी को उसी वक़्त कुछ नहीं कहता. खाँसकर घर चला जाता है, चाय पीता है, और शाम को साँस बंद."

मग वरच्या खोलीतली ट्रंक उघडली गेली. तिच्यात आजोबांचे दरबारी पोशाख होते. अंगरखे, शेले, पगड्या, सगळं खऱ्या जरीचं. वडील ते न्हाणीत नेऊन जाळायचे, राखेतनं तारांचा गोळा निवडायचे आणि चिनीमातीच्या बरणीत तेजाबात घालून शेगडीवर ठेवायचे. कोळसे मी नेऊन द्यायची. दुपारी गल्लीतले पुरुष कचेरीत असायचे आणि बायका आडव्या झालेल्या असायच्या, ती वेळ बरी. शेवटी बरणीच्या तळाशी काळसर चिमूटभर काहीतरी उरायचं. ते सोनं. आजोबांचा सगळा मान त्या चिमटीत मावायचा. ते विकायला वडील आग्र्याला जायचे आणि गल्लीत सांगायचे की मथुरेला दर्शनाला चाललोय. दर दोन महिन्यांनी मथुरा! त्यांची भक्ती पाहून लोक आईला नमस्कार करायचे.

आता कुणीही म्हणेल, न्यारिया खाली बसलाय, त्याला का नाही दिलं? त्यानं ते सगळं एका सकाळीत, मोकळ्या हवेत करून दिलं असतं. पण मग सराफ्याला कळलं असतं. सराफ्यातनं टोपी बाजारात, तिथनं नई सडकेवर, आणि तिथनं आमच्या सगळ्या जातगोतात, की अमक्याकडे आजोबांचे पोशाख जाळून खातायत. माझं लग्न उज्जैनच्या एका घरी ठरत आलं होतं. त्यातल्याच काही सोन्याच्या माझ्या पाटल्या व्हायच्या होत्या. तेव्हा मला सतरावं लागलं होतं आणि पाटल्या मला हव्या होत्या. उगाच कशाला खोटं बोलू?

तेजाब कुठनं आणायचा, तर तोही खालूनच. वडील त्याला म्हणाले, न्हाणीची मोरी तुंबलीय, थोडा दे. दोनदा दिला, तीनदा दिला. चौथ्यांदा बाटली देताना तो म्हणाला, "पंडितजी, मोरी साफ़ करो तो खिड़की खोलकर करना." वडील वर आले ते लालबुंद होऊन. "शहाणा समजतो स्वतःला," एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी मला कळलं की त्याला सगळं कळलंय, आणि तो कुणाला सांगत नाहीये.

मग आईच्या सोवळ्याच्या लुगड्याला भोकं पडायला लागली. हे नीट समजून घ्यायला हवं. स्वयंपाकाला आणि देवपूजेला नेसायची सोवळ्याची वस्त्रं आमच्याकडे धुऊन आतल्या खोलीत वाळायची, छताशी टांगलेल्या उंच दांडीवर. हात लावायचा नाही, काठीनं टाकायची, काठीनं काढायची. कुणाचा स्पर्श नको, कुणाची सावली नको. आमची ती खोली न्हाणीला लागून होती. न्हाणीतली हवा दुसरीकडे जाणार कुठं? आधी लुगड्याला मोहरीएवढी भोकं, मग हरभऱ्याएवढी. वडिलांच्या रेशमी मुकट्यावर पिवळे डाग. देवघरातलं ताम्हन आज घासावं तर चार दिवसांनी कडेनं हिरवं. आणि गच्चीवरचे कपडे, जे त्याच्या पाइपच्या अगदी बाजूला वाळायचे, ते धड. माझे परकर, चादरी, पंचे, एकाला भोक नाही. काठी माझ्या हातात असायची, गच्चीवरचे कपडेही मीच आणायची, म्हणून हे फक्त मला दिसत होतं. महिनाभर दिसत होतं.

आईला मात्र एकच दिसत होतं. खाली तेजाब आहे. "मेला आमच्या देवाधर्मावर उठलाय," ती पाण्यावर गेली की बायकांना सांगायची. नवरा न्हाणीत काय करतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण स्वतःच्या नवऱ्याचा धूर बाईला दिसत नाही. आणि बाहेरच्याचा, तोही फाळणीत वाहून आलेल्याचा, ढळढळीत दिसतो.

शेवटी एका रविवारी सकाळी वडिलांनी बैठक बोलावली. गल्लीतल्या मराठी घरांतले सहा पुरुष आले, त्यात आमचे घरचे डॉक्टरही होते. खरं तर वडिलांना बैठक नको होती, पण आईनं इतका बोभाटा केला होता की गप्प बसले असते तर तेच संशयाचं झालं असतं. न्यारियाला वर बोलावलं. तो दाराशी उभा राहिला, त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आई आतल्या दारात आली आणि तिनं काठीच्या टोकावर धरलेलं लुगडं लांबूनच सगळ्यांना दाखवलं. उजेड भोकांतनं आरपार येत होता.

त्यानं ते पाहिलं. म्हणाला, "हाँ जी, यह तेजाब का ही है." बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, झालंच म्हणायचं काम. पण मग त्यानं विचारलं, "पर जी, यह कपड़ा सूखता कहाँ है?"

अख्ख्या बैठकीत विचारण्यासारखा तो एकच प्रश्न होता, आणि तो त्या परक्यानं विचारला. डॉक्टर ताडकन म्हणाले, "काय निर्लज्ज माणूस आहे! औरतों के कपड़ों की पूछते हो?" त्यानं हात जोडले. "मेरा धुआँ तो छत पर जाता है जी. छत का एक कपड़ा दिखा दो जिसमें छेद हो, मैं आज ही निकल जाऊँगा. न हो तो दो महीने दे दो. जचगी हो जाए, फिर जहाँ कहोगे चला जाऊँगा." बायकोच्या बाळंतपणापुरते दोन महिने. बाकी काही मागितलं नाही त्यानं. वडिलांकडे बोटही दाखवलं नाही.

गच्चीवरचे कपडे बघायला कुणी उठलं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं, सोवळं तूच वाळत घालतेस ना? कुठं घालतेस?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते आणि त्यांचा उजवा हात उपरण्याखाली होता, कारण आता त्यांचीही बोटं पिवळी झाली होती. न्यारिया माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, मुलगी खरं सांगेल असंच त्याला वाटत होतं. मूर्ख कुठला.

"गच्चीवर," मी म्हटलं.

आता ऐका. त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येक माणसाच्या घरात सोवळं आतच वाळत होतं. गच्चीवर कावळे, माकडं, शेजारपाजारची पोरं. तिथं सोवळं टाकायचं म्हणजे ते सोवळंच राहत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला मुंज व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. सहाच्या सहा जणांना मी खोटं बोलले हे त्याच क्षणी कळलं. एकानंही हूं का चूं केलं नाही. कळलं नाही ते फक्त त्या बिचाऱ्या न्यारियाला, कारण त्याला आमचे सोवळ्याचे नियम माहीत नव्हते. "छत पर?" तो स्वतःशीच म्हणाला, जणू त्याचंच काही चुकलं असेल. वडिलांनी घसा खाकरून सांगितलं, आठ दिवसांत खोली मोकळी कर. मग चहा आला.

आठवा दिवसही लागला नाही, सहाव्याच दिवशी त्यानं हातगाडीवर सामान चढवलं. त्याची बायको जिना चढून आली, पोट सांभाळत, एका हातानं भिंत धरत. वडिलांबरोबर कधीतरी खाली गेलेली आमची एक वाटी तिच्याकडे राहिली होती ती घासूनपुसून द्यायला. आई म्हणाली, "पायरी पर रख दो." ती गेल्यावर आईनं ती वाटी चिमट्यानं उचलून विस्तवातनं काढली. मी खिडकीत उभी होते. गाडी वळेपर्यंत ती बाई खोलीच्या दाराकडे बघत होती. नाल्याकाठी टिनाच्या शेडमध्ये जागा मिळाली म्हणे त्यांना.

भोकं पडायची थांबली नाहीत, तेजाब वडील आता आग्र्याहून आणायचे. आई म्हणायची, भिंतीत मुरलंय मेल्याचं, निघतंय अजून. पण वडिलांची मोठीच पंचाईत झाली. इतके दिवस वास आला तर तो खालचा असायचा. आता खाली कुलूप, मग वास कुणाचा? म्हणून त्यांनी न्हाणीच्या खिडकीत चिंध्या कोंबल्या. एक दिवस भरजरी अंगरखा काढला होता, सगळ्यात जड, त्याच्या तारांचा अख्खा गोळा एकदम घातला बरणीत. दुपारी बाहेर आले ते थोडे खोकत. चहा घेतला. चांगला निघाला ऐवज म्हणाले, खुशीत होते. दिवेलागणीला धाप लागली. ओठ निळे, तोंडाला फेस.

डॉक्टर आले. छाती ऐकली, त्यांना काही उमजेना. "कसला धूर गेलाय का छातीत?" त्यांनी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. वडिलांना बोलता येत नव्हतं, पण त्यांनी मान हलवली, डावीकडून उजवीकडे, अगदी थोडी. सांगू नकोस. मी म्हटलं, "नाही हो. भिंतीतनं अजून खालच्याचा वास येतो कधी कधी, तेवढाच." डॉक्टरांनी मान डोलावली आणि दम्याचं औषध लिहून दिलं. उजाडता उजाडता वडील गेले. खरं सांगितलं असतं तर वाचले असते का? बहुतेक नाही, त्या काळी त्यावर करण्यासारखं फार काही नव्हतं. पण हे मला पुष्कळ नंतर कळलं. मान हलवली तेव्हा मी एवढाच विचार केला की उज्जैनला कळता कामा नये.

समाचाराला आलेला प्रत्येक जण तेच म्हणाला. शरणार्थ्याच्या तेजाबानं खाल्लं हो त्यांना. आई पदर डोळ्याला लावून हो म्हणायची, आणि मी पाणी द्यायची.

त्याच वर्षी मध्यभारत गेला, मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला. आमच्या गल्लीतली दोन घरं बिऱ्हाड बांधून भोपाळला गेली, तिसरं जायच्या तयारीत होतं. खोल्याच खोल्या रिकाम्या. आमची खालचीही तशीच पडून. थंडी सुरू झाली होती. सकाळी दार वाजलं, मी उघडलं तर तो. खांद्यावर चारेक महिन्यांची मुलगी, गोधडीत गुंडाळलेली, खोकत होती. बायको रस्त्यावरच उभी होती, पायरीवर आली नाही.

वडिलांचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. मनापासून म्हणाला. मग म्हणाला, "बेटी, शेड में पानी टपकता है, ठंड आ गई. इसकी छाती कमज़ोर है. कमरा ख़ाली हो तो... भट्टी यहाँ नहीं लगाऊँगा, कहीं और लगा लूँगा. अब तो ऊपर भी..." तिथं तो थांबला. अब तो ऊपर भी धुआँ नहीं. ते त्यानं म्हटलं नाही, पण त्याला ते माहीत होतं. त्याच्या जिभेवर आमचं सगळं घर होतं आणि त्यानं ते गिळलं, दुसऱ्यांदा.

मी त्या पोरीकडे पाहिलं. इवलासा चेहरा, नाक वाहत होतं. आणि माझं डोकं इतकं लख्ख चाललं की आजही नवल वाटतं. तो परत आला, तर गल्ली डोळ्यांत तेल घालून आमच्या कपड्यांकडे बघणार. आणि कपड्यांना काही होणार नाही. तो खाली राहील, आम्ही वर राहू आणि लुगडी शाबूत राहतील. मग सगळ्यांना मोठ्यानं म्हणायला मोकळीक मिळेल, जे ते इतके दिवस मनात धरून होते. तो बाहेर राहिला तरच वडील त्याच्या धुरानं मेले होते.

"खोली दुसऱ्याला दिली," मी म्हटलं. "कमरा किसी और को दे दिया. कल ही."

त्यानं खालच्या दाराकडे पाहिलं. कुलूप तेच होतं, त्यानंच लावून किल्ली आम्हाला दिलेलं. त्यावर कोळ्यानं जाळं धरलं होतं. त्यानं ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हो म्हणून मान हलवली, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवल्यासारखी. मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि उतरून गेला. आतनं आईनं विचारलं, "कोण आहे गं?" मी म्हटलं, "कुणी नाही," आणि कडी लावली. मला हायसं वाटलं.